सतरंजी नंबर चौदा

मंडळाच्या बावीस सतरंज्या माझ्या ताब्यात आहेत.
प्रत्येकीच्या कोपऱ्यात पांढऱ्या ऑइलपेंटने नंबर,
आणि लाल बांधणीची एक वही.
ती सोपवताना बक्षीकाका म्हणाले होते,
"पेटी-तबला कुणीही सांभाळतं.
माणसं कशावर बसणार, ते तू बघ."

तेव्हापासून इंदूरच्या गाण्याबजावण्याचा हिशोब
मी खालून ठेवते.

भाद्रपदात वही दम खाऊ देत नाही.
चार ते नऊ: तिलकनगर, मुलांचं नाटक.
परत आल्या तेव्हा एकीच्या घडीत कापसाची मिशी.
दोन आणि तीन: खजराणा, शायरांची बैठक.
रईसभाई स्कूटरवर घेऊन गेला, स्वतःच घेऊन आला,
पानाच्या डागाबद्दल तीनदा माफी मागितली
आणि जाता जाता त्याच डागावर बसून चहा प्यायला.
अकरा: परदेशीपुरा, कबीराची भजनं.
देवासकडच्या खेड्यातून आलेले देवकरणजी
माईक नको म्हणाले, सतरंजीही नको,
तंबुरा घेऊन सरळ फरशीवर बसले.
अकरा घडीचीच परत आली.
तेही लिहिलं: न वापरता जमा.

चौदा मात्र आली नाही.
नाव: गेंदालाल पेंटर. कारण: "थोडंसं काम."
परतीचा रकाना कोरा.

अनंत चतुर्दशीच्या आदल्या दुपारी शोधत गेले.
मिल बंद झाली तेव्हा माझा थोरला रांगत होता,
आता त्याचे केस विरळ झालेत.
भोंगा नाही, पाळी नाही,
पण फाटकाच्या आत, पत्र्याच्या शेडखाली
झांकी अजून बनते.
हत्ती उभा होता.
सायकलच्या चेनवर कान हलणारा,
सोंडेत बल्बची माळ, अर्धी पेटलेली.
ज्यांची देणी अजून कोर्टात पडून आहेत
ते तारखांबद्दल बोलत बोलत
त्याला सुळे बसवत होते.

"चौदा नंबर?"
गेंदालालने कानामागची पेन्सिल काढली,
पुन्हा कानामागे ठेवली,
आणि हत्तीच्या पोटाकडे बोट केलं.
"भाभीजी, अंदर है. बारदान कम पड़ गया था."

वाकून पाहिलं.
बांबूच्या फासळ्यांवर ताणलेली, चुकांनी ठोकलेली
आपली निळी-तांबडी सतरंजी.
बाहेरून कागदाचा लगदा, राखाडी रंग, सुरकुत्यासुद्धा,
आतून पट्टे तसेच.
कोपऱ्यात चौदा, उलटे.

मी रागवायचं ठरवून आले होते.
रिक्षात वाक्यंसुद्धा जुळवली होती,
त्यातलं एक तर फार चांगलं होतं.
ते विसरले.
"एक कान उशिरा हलतोय," एवढंच म्हणाले.
गेंदालाल म्हणाला, "उसका भी देखते हैं."

दुसऱ्या रात्री जेल रोडच्या फुटपाथवर
सात नंबर अंथरून बसले,
वहीत स्वतःच्या नावावर लिहून नेलेली.
आखाड्यांची पोरं लाठ्या, पट्टे फिरवत गेली.
मुलं झोपली, उठवली, परत झोपली.
कुणीतरी शेंगदाणे पुढे केले, कुणाचे ते कळलं नाही.
साडेतीनला हत्ती आला.
कान हलत होते. एक उशिरा.
शेजारची बाई पोराला हलवून म्हणाली,
"उठ रे, बघ, अगदी खरा वाटतोय!"
"आतून सतरंजी आहे," मी म्हणाले.
तिला वाटलं, मी झोपेत बोलते.

पंधरा दिवसांनी बक्षीकाकांनी वही तपासली,
रकान्यावरून बोट फिरवत फिरवत
चौदावर थांबले.
"ही?"
"बाहेर आहे."
त्यांनी चष्मा वर केला, माझ्याकडे बघितलं,
आणि खाली सही केली.

सोळा कालच आली, पागनीसांच्या गल्लीतून.
तिथे पोरींनी भिंतीवर संजा घातली होती.
तिला शेणाचा आणि गुलबक्षीचा वास येतो आहे.
गच्चीवर टाकली आहे.
ऊन उतरलं की घडी घालीन.